वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी वजन पुन्हा वाढल्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर आणि आसपासच्या ज्या मराठी कुटुंबांत कोणाची स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची) किंवा बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडण्याची) शस्त्रक्रिया होऊन तीन, पाच किंवा आठ वर्षे झाली आहेत आणि आता वजनाचा काटा पुन्हा वर सरकू लागला आहे, त्यांच्यासाठी ही माहिती लिहिली आहे. ती सर्वसाधारण स्वरूपाची असून प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही. बहुतेक रुग्ण वजन वाढू लागल्यावर डॉक्टरांकडे जाण्याचे टाळतात आणि पंधरा-वीस किलो वाढल्यानंतरच, तेही घरच्यांनी आग्रह केल्यावर येतात. हा उशीरच सर्वांत महाग पडतो, म्हणून पुढील बऱ्याच उत्तरांचा रोख त्याकडेच आहे.

किती वजन परत आले म्हणजे काळजी करावी?

याची एकच सर्वमान्य व्याख्या नाही. काही तज्ज्ञ सर्वांत कमी वजनापासून १० किलोंची वाढ धरतात, तर काही जण घटलेल्या वजनापैकी २५ टक्के परत येणे ही सीमा मानतात. आपला हिशेब स्वतः करून पाहण्यासारखा आहे. समजा, शस्त्रक्रियेपूर्वी वजन ११० किलो होते, दीड-दोन वर्षांत ते ७२ पर्यंत उतरले आणि आज ते ८० आहे. म्हणजे घटलेल्या ३८ किलोंपैकी ८ किलो, सुमारे २१ टक्के परत आले. तरीही आपण मूळ वजनाच्या २७ टक्के खालीच आहात. ही संख्या घाबरण्याची नाही, परंतु दुर्लक्ष करण्याचीही नाही.

सर्वांत कमी वजन गाठल्यानंतर दोन-चार किलो वाढून वजन स्थिरावणे अपेक्षितच असते. वाढ पाच किलोंच्या पुढे गेली आणि सलग तीन-चार महिने थांबली नाही, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूकडे जावे. त्यासाठी महिन्यातून दोनदा, सकाळी, एकाच काट्यावर वजन करून ते तारखेसह लिहून ठेवणे पुरेसे आहे. रोज चारदा काट्यावर उभे राहिल्याने मनस्तापाखेरीज काही हाती लागत नाही.

म्हणजे माझी शस्त्रक्रिया फसली का?

नाही. स्थूलता हा दीर्घकाळ चालणारा आणि उलटणारा आजार आहे. शस्त्रक्रिया त्याला आटोक्यात आणते, मुळापासून नाहीसा करत नाही. स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्या रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले होते आणि १० वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली होती. अमेरिकेतील बायपास रुग्णांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सर्वांत कमी वजन गाठल्यानंतर पाच वर्षांनी, मधल्या रुग्णाचे (म्हणजे निम्म्यांचे याहून कमी, निम्म्यांचे याहून जास्त) घटलेल्या वजनापैकी सुमारे २७ टक्के वजन परत आलेले आढळले. थोडक्यात, काही प्रमाणात वजन परत येणे हा नियमच आहे. किती येते, हे मात्र माणसागणिक फार वेगळे असते, आणि उपचाराचा उपयोग होतो तो नेमका तिथेच.

वजन परत वाढते ते नेमके कशामुळे?

लोकांना एकच कारण हवे असते, आणि बहुतेक वेळा ते ‘जिभेवर ताबा नाही’ हेच सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी आहे की चार-पाच कारणे एकमेकांत मिसळलेली असतात.

पहिले कारण शरीराचे स्वतःचे आहे. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि तोच भाग निघून गेल्यामुळे सुरुवातीला भूक जवळजवळ नाहीशी होते. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचते, त्यामुळे पोट भरल्याचा संदेश देणारी जीएलपी-१ सारखी संप्रेरके जोराने स्रवतात. पहिल्या वर्षातला हा काळ इतका सोपा जातो, की पुढेही असेच चालेल असे वाटू लागते. त्यानंतर शरीर नव्या परिस्थितीशी जुळवून घेते आणि भूक हळूहळू परतते. शिवाय वजन घटल्यावर विश्रांतीच्या वेळी शरीर खर्च करते ती ऊर्जाही घटते. चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतील तर ही घट अधिक जाणवते. म्हणून ८० किलोंपर्यंत उतरलेल्या माणसाला तेच वजन टिकवण्यासाठी मुळातच ८० किलोंच्या असलेल्या माणसापेक्षा कमी खावे लागू शकते. हे अन्यायकारक आहे, पण खरे आहे.

दुसरे कारण खाण्याच्या सवयींचे, तिसरे जठराच्या रचनेतील बदलांचे आणि चौथे औषधांचे व इतर आजारांचे. त्यांविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

मी खरोखरच फार थोडे खाते. एका वेळी अर्धी पोळीसुद्धा जात नाही. तरी वजन कसे वाढते?

हा प्रश्न बहुतेक प्रामाणिकपणे विचारलेला असतो, आणि त्याचे उत्तर ताटात नसून ताटाबाहेर असते. लहान झालेल्या जठरात दाट, चावून खाण्याचे आणि प्रथिनयुक्त अन्न थांबून राहते. वाटीभर मोड आलेल्या मुगाची उसळ किंवा पनीरचे चार तुकडे खाल्ले की घास पुढे जात नाही. याउलट तोंडातच विरघळणारे किंवा पातळ होणारे अन्न जठरात थांबतच नाही, ते सरळ खाली उतरते. बिस्किट, खारी, चहात बुडवलेला टोस्ट, आइस्क्रीम, फळांचा रस, लस्सी आणि आपली शेव ही सगळी त्याच जातीची आहेत. त्यांनी पोट भरल्याची जाणीव होत नाही, म्हणून ती ‘खाल्ली’ अशी नोंदही मनात होत नाही.

इंदूरच्या घरात हे कसे घडते ते पाहा. सकाळी पोहे अगदी मोजून, पाव वाटीच घेतले जातात. त्यावर जिरावन मसाला भुरभुरला जातो आणि वर शेव. पोह्यांचे माप असते, शेवेचे नसते. दहा वाजता चहाबरोबर दोन खारी. दुपारी जेवणात दोन घास वरण-भात, कारण पोळी घशात अडकते. चार वाजता डबा उघडला की चिमूटभर लौंगी शेव, पाच मिनिटांनी पुन्हा चिमूटभर. रात्री कोणी पाहुणे आले की सराफ्याची, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजाराची, फेरी ठरलेलीच, आणि तिथे ‘मी काही खात नाही, नुसती चव बघते’ म्हणत प्रत्येकाच्या दोन्यातून एक-एक चमचा भुट्ट्याच्या किसाचा, गराडूचा (तळलेल्या कंदाचा) एखादा तुकडा आणि थोडी रबडी. १०० ग्रॅम शेवेत सुमारे ५५० कॅलरी असतात. दिवसभरात मूठ-दीड मूठ शेव म्हणजे ३० ते ४० ग्रॅम धरली, तर दोनशेच्या आसपास कॅलरी कोणत्याही जेवणात न मोजता पोटात गेल्या. असे दिवसभर थोडे-थोडे खात राहणे हे शस्त्रक्रियेनंतर वजन परत येण्याच्या ठळक कारणांपैकी एक मानले जाते.

सराफा बंद करा, असे आम्ही कोणालाही सांगत नाही. इंदुरात राहून तो सल्ला कोणी पाळणारही नाही. ठरवून, एक पदार्थ, बसून, रात्रीच्या जेवणाऐवजी खाल्ला तर फारसे बिघडत नाही. बिघडते ते जेवणानंतरच्या चवीने. आठवडाभर तोंडात गेलेला प्रत्येक घास, चहातील साखरेसकट, वहीत लिहून ती वही आहारतज्ज्ञांना दाखवावी. त्यातून जे हाती लागते ते तासभराच्या बोलण्यातूनही लागत नाही.

मग खायचे काय?

प्रथिने आधी, भाजी नंतर, पोळी-भात शेवटी, आणि जागा उरली तरच. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हे सर्वमान्य लक्ष्य आहे. शाकाहारी मराठी घरात ते आपोआप पूर्ण होत नाही: एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, २५० मिलिलिटर दुधात सुमारे ८ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात, तर आपल्या पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम ४-५ ग्रॅम. वरण खाल्ले म्हणजे प्रथिने झाली, हा समज सोडावा लागतो. पिठले, उसळ, सोयाबीन, ताकाऐवजी घट्ट दही आणि गरजेप्रमाणे प्रथिनांची पूड असा मेळ घालावा लागतो. जेवताना पाणी पिऊ नये आणि जेवणानंतर अर्धा तास थांबावे, हा शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी सांगितलेला नियम पाचव्या वर्षीही लागू आहे.

चतुर्थी आणि एकादशीचे उपवास चालतील का?

निराहार उपवास आणि उपवासाचे पदार्थ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिने नगण्य असतात. तूप आणि शेंगदाण्याच्या कुटासह केलेली खिचडी मऊ असल्यामुळे सहज उतरते आणि वजनाच्या दृष्टीने नेहमीच्या जेवणापेक्षा जड ठरते. दूध, दही, पनीर, राजगिरा आणि मोजके शेंगदाणे यांवर उपवास करता येतो. मधुमेहाची औषधे सुरू असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावे.

पूर्वी गोड खाल्ले की घाम सुटून गळून जायला होत असे. आता काहीच होत नाही. हे चांगले लक्षण आहे का?

बायपासनंतर साखरयुक्त पदार्थ आतड्यात एकदम उतरल्याने अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात. अनेकांमध्ये हा त्रास काळानुसार कमी होतो आणि त्याबरोबर गोडावरचा नैसर्गिक लगामही सुटतो. त्रास थांबला म्हणजे परवानगी मिळाली, असा अर्थ घेऊ नये.

याची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. काही रुग्णांना जेवणानंतर एक ते तीन तासांनी रक्तातील साखर एकदम खाली जाऊन हातापायांना कंप सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी माणूस गोड खातो, बरे वाटते, आणि थोड्या वेळाने साखर पुन्हा खाली जाते. या चक्रातून वजन वाढते. असे होत असेल तर त्या क्षणी घरच्या यंत्रावर साखर मोजून आकडा लिहून ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावा.

पोटाची पिशवी ताणली गेली आहे का?

कधी कधी, होय. स्लीव्ह केलेले जठर वर्षांनुवर्षे थोडे रुंदावते, किंवा पहिल्याच शस्त्रक्रियेत वरचा भाग जास्त शिल्लक राहिलेला असतो. बायपासमध्ये लहान पिशवी मोठी होते, पिशवी आणि आतडे यांच्या जोडाचे तोंड सैल होते, किंवा क्वचित पिशवी आणि उरलेले जठर यांच्यात नवी वाट तयार होऊन अन्न जुन्या मार्गाने जाऊ लागते. हे केवळ अंदाजाने कळत नाही. एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आतून पाहणे) आणि बेरियमची क्ष-किरण तपासणी लागते. मात्र पिशवी थोडी मोठी दिसली म्हणजे वजनवाढीचे कारण सापडले, असे समजू नये. मोठी पिशवी असूनही वजन टिकवलेले रुग्ण असतात.

स्लीव्हनंतर आम्लपित्त वाढणे ही वेगळी आणि तितकीच महत्त्वाची तक्रार आहे. छातीत जळजळ होते म्हणून माणूस सतत दूध-बिस्किटे खात राहतो आणि वजनवाढीचे कारण भलतीकडेच शोधले जाते. वर्षानुवर्षे जळजळ असेल तर अन्ननलिकेची तपासणी टाळू नये.

पाच दिवस फक्त द्रव आहार घेतला की पिशवी पुन्हा लहान होते, असे वाचले. खरे आहे का?

नाही. द्रव आहाराने रुंदावलेले जठर आकसते याला आधार नाही. चार-पाच दिवसांत जे वजन उतरते त्यात पाण्याचा भाग मोठा असतो.

औषधांमुळे वजन वाढू शकते का?

वाढू शकते, आणि हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारला जायला हवा. इन्सुलिन, मधुमेहाच्या काही जुन्या गोळ्या, स्टेरॉइड, काही मानसोपचाराची औषधे, फिट्सवरील व्हॅल्प्रोएट आणि रक्तदाबावरील काही बीटा-ब्लॉकर यांचा वजनावर परिणाम होतो. यांपैकी एकही औषध स्वतःहून बंद करू नये. बऱ्याचदा पर्यायी औषध उपलब्ध असते. थायरॉइडची कमतरता, रजोनिवृत्ती, बाळंतपण, झोपेत श्वास अडखळण्याचा आजार आणि रात्रपाळी यांचाही विचार व्हावा.

मद्याविषयी मोघम न बोलणेच बरे. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, मद्य रक्तात लवकर आणि जास्त चढते. त्यातील कॅलरी तर मोजाव्याच लागतात, शिवाय शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षापासून व्यसनाचा धोका वाढल्याचे अभ्यासांत दिसले आहे. डॉक्टर हा प्रश्न विचारतील तेव्हा, पत्नी किंवा सासरे शेजारी बसलेले असले तरी, खरे उत्तर देण्याची सोय असावी. वाटल्यास एकट्याने भेटावे.

कोणत्या तपासण्या होतील?

रक्तातील हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड, यकृत आणि तीन महिन्यांची सरासरी साखर या तपासण्या सर्वसाधारणपणे होतात. वजन वाढलेले असूनही शरीरात लोह आणि बी-१२ ची तीव्र कमतरता असणे नेहमी आढळते, कारण तिसऱ्या वर्षानंतर अनेकांनी लोह आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या सोडलेल्या असतात. त्या आयुष्यभर घ्यायच्या असतात. लोहाच्या कमतरतेत सरासरी साखरेचा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो, म्हणून दोन्ही अहवाल एकत्र वाचावेत.

वजन कमी करणारी इंजेक्शने शस्त्रक्रिया झालेल्यांना घेता येतात का?

घेता येतात, आणि गेल्या काही वर्षांत या प्रश्नाचे उत्तर सर्वांत जास्त बदलले आहे. लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही औषधे जीएलपी-१ च्या मार्गाने भूक कमी करतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर पुरेसे वजन न घटलेल्या रुग्णांना २४ आठवडे लिराग्लुटाइड दिल्यावर वजनात सुमारे ९ टक्के घट झाली. औषधविरहित इंजेक्शन घेतलेल्या गटात ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास होती. टिर्झेपाटाइड आणि वजनासाठीच्या मात्रेतील सेमाग्लुटाइड २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाले.

दोन गोष्टी मात्र आधीच समजून घ्याव्यात. सेमाग्लुटाइड बंद केल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आल्याचे दिसले आहे, त्यामुळे ‘तीन महिन्यांचा कोर्स’ ही कल्पनाच चुकीची आहे. दुसरे असे, की मळमळ आणि उलट्या हे या औषधांचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत, आणि शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला दिवसेंदिवस उलट्या होत राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने मेंदू व मज्जातंतूंना इजा होऊ शकते. म्हणून ओळखीच्या दुकानातून, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर इंजेक्शन आणून सुरू करणे हे शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर अजिबात करू नये. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी ही औषधे टाळावीत.

दुसरी शस्त्रक्रिया करावी का?

स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करता येते. जोडाचे सैल झालेले तोंड एंडोस्कोपीने टाके घालून किंवा ऊष्णतेने आकसून लहान करता येते. परंतु दुसऱ्या शस्त्रक्रियेत गुंतागुंतीचा धोका पहिल्यापेक्षा जास्त आणि वजनातील घट सहसा कमी असते. स्लीव्हनंतर तीव्र आम्लपित्तही असेल तर रूपांतराला बळकट कारण मिळते. केवळ खाण्याच्या सवयींमुळे वजन वाढले असेल, तर पुन्हा चिरफाड करून तीच गोष्ट काही वर्षांनी पुन्हा घडते. आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची भेट न घडवता पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेची तारीख दिली जात असेल, तर दुसऱ्या ठिकाणी मत घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

व्यायाम किती करावा?

आठवड्याला किमान १५० मिनिटे, आणि वजन टिकवण्यासाठी त्याहून अधिक. मेघदूत उपवनात सकाळी चालणे उत्तमच आहे, पण चालण्याने स्नायू वाढत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा वजने उचलणे, रबरी पट्टा ओढणे किंवा खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचे व्यायाम हवेतच. आणि चालून झाल्यावर गेटबाहेर पोहे-जिलेबी खाल्ली तर हिशेब उलटा होतो, हे सांगायला नकोच.

घरच्यांनी कसे वागावे?

‘एवढे पैसे घालून ऑपरेशन केलं, आणि पुन्हा तेच’ हे वाक्य बहुतेक रुग्णांनी ऐकलेले असते. बहुधा ते बोलणारेच गणपतीत ‘अगं, एका मोदकाने काय होतंय’ म्हणत ताटात वाढतात. टोमणा आणि आग्रह या दोन्हींचा परिणाम एकच होतो: माणूस लपून खातो आणि डॉक्टरांकडे जाणे लांबवतो. शेवेचा डबा जेवणाच्या टेबलावरून उचलून माळ्यावर ठेवणे ही घरच्यांची खरी मदत आहे. अनावर होऊन खाणे, खाल्ल्यावर स्वतःची घृणा वाटणे किंवा सतत उदास राहणे असे असेल, तर मानसोपचार हा उपचाराचा भाग समजावा.

विम्यातून खर्च मिळतो का?

२०१९ च्या विमा नियामकाच्या नियमांनुसार आरोग्य विम्यात अशा शस्त्रक्रियेसाठी वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला आणि बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) ४० किंवा अधिक, अथवा अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडखळण्याचा तीव्र आजार यांसारखी व्याधी असल्यास ३५ किंवा अधिक, अशा अटी आहेत. वजन अर्धेच परत आले असेल तर बीएमआय या रेषेखाली राहू शकतो आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा दावा अडू शकतो. पूर्वपरवानगी लेखी घ्यावी.

शस्त्रक्रिया मुंबईत किंवा पुण्यात झाली होती. इथे कोणाला दाखवता येईल?

येईल. नातेवाईक तिकडे असल्याने तिथे शस्त्रक्रिया करून इंदुरात परतलेली आणि नंतर पाठपुरावा सुटलेली मराठी कुटुंबे थोडी नाहीत. स्थूलतेच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या कोणत्याही शल्यविशारदाला दाखवता येते. मात्र जाताना शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, डिस्चार्ज कार्ड, जुने एंडोस्कोपीचे अहवाल, सध्याच्या सर्व औषधांची यादी आणि वजनाची वही बरोबर न्यावी. बायपास असेल तर आतड्याचा किती भाग वळवला हे त्या नोंदीतच कळते, आणि पुढचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात, परंतु त्या जपून ठेवण्याचे बंधन तीन वर्षांचेच आहे. शस्त्रक्रिया त्याहून जुनी असेल तर आजच लेखी अर्ज पाठवावा. नोंद मिळाली नाही तरी भेट लांबवू नये. एंडोस्कोपी आणि बेरियमच्या तपासणीतून आतली रचना बऱ्याच अंशी कळते.